उघडं मीठ

कासारवाडी, ८ डिसेंबर २०२४

तात्या,

नमस्कार. वाकून करायचा तो एप्रिलमध्ये निघताना राहिला, तो राहू दे. हे पाकीट बघून तुम्ही म्हणाल, पोरीकडं फोन नाही का. आहे की. पण माझं नाव दिसलं की तुम्ही फोन आईकडं सरकवता आणि गोठ्याकडं निघता, हे आईनंच सांगितलं. तुम्ही चौथी शिकलेले, आचाऱ्याच्या सामानाच्या सगळ्या याद्या स्वतः वाचता, तसं हेही स्वतःच वाचा. आईच्या हातात देऊ नका. ह्यात जे आहे ते तुमच्यामाझ्यातलं आहे.

खुशाली अशी की मी कासारवाडीत, रेल्वे लायनीच्या अंगाला, दोन पोरींबरोबर एका खोलीत राहते. गाव सोडल्यापासून ही तिसरी खोली आणि चौथं काम. आधी भोसरीत रबरी वॉशर पिशव्यांत भरले, दीड महिना, मग हात तेच तेच करून कंटाळले. पिंपरीत मोबाइलवर काचा बसवल्या. एका शोरूमबाहेर गाड्यांची पत्रकं वाटली, त्यात मजा होती, शंभर तऱ्हेची माणसं बघायला मिळतात, पण पाय सुजले. तुम्ही म्हणायचात, हिच्या पायाला एक भिंगरी आणि डोक्याला दोन. खरं आहे. बारावीचा इंग्रजीचा पेपरसुद्धा मी असाच अर्धा सोडला होता, खिडकीतून वरात दिसली म्हणून. त्या वरातीत एक क्लॅरिनेटवाला होता, तात्या, गाल असे फुगवायचा, पण ते जाऊ दे.

सध्या एका काकूंच्या मेसचे डबे पोचवते, काकूंच्याच स्कूटरवर. चिंचवड गावठाणात एक गुरुजी आहेत, दौलतराव. मराठीचे मास्तर होते, एकटेच असतात. परवा डबा उघडून त्यांनी एक घास घेतला आणि म्हणाले, काकूंना सांग, आज आमटी अळणी झालीय.

मी हसले. म्हटलं, गुरुजी, आमच्याकडं अळणी म्हटलं की माणसं किटल्या घेऊन पळत येतात.

त्यांना काही कळेना. मग मी दारातच उभी राहून सगळं सांगितलं. मटण आधी नुसतं कांदा, आलं-लसूण, हळद आणि मीठ घालून शिजवायचं, लाल वाटण पडायच्या आत वरचा पिवळा रस्सा काढून घ्यायचा, तो अळणी. पहिला मान बाळंतिणीचा, मग लहान पोरांचा, मग दुखणाईताचा. हेही सांगितलं की चाकणच्या पलीकडं खेडपर्यंत कुणालाही विचारा, सोपान आचाऱ्याच्या हातच्या अळणीला तोड नाही. छाती काढून सांगितलं. तुमच्यावरचा राग वेगळ्या कप्प्यात आहे, तो ह्यात मिसळत नाही.

गुरुजी म्हणाले, म्हणजे त्यात मीठ असतं? मी म्हटलं, असतं, आणि बरोबर तेवढंच असतं. मग ते म्हणाले, अळणी म्हणजे तर बिनमिठाचं. मीठ घातलेल्याला तुम्ही अळणी का म्हणता?

मी उरलेले डबे उचलले आणि निघाले. आचाऱ्याची पोर, जन्मभर अळणी प्यायलेली, आणि एवढं सांगता येऊ नये! त्या विचारात पुढचे तीन डबे उशिरा पोचले आणि काकूंनी चांगलं झापलं.

मी नऊ वर्षांची असताना तुम्हाला हेच विचारलं होतं. तुम्ही पातेल्यावरचं झाकण सरकवत म्हणालात, "तर्रीत कुनीबी आचारी असतो. मिरची समदं झाकती. अळणीत मीठ उघडं पडतं." प्रश्नाचं उत्तर ते नव्हतं, पण मला इतकी वर्षं ते पुरलं.

आता दुसरं. गावात काय बोलतात ते मला इथं ऐकू येतं. सोपान आचाऱ्याच्या पोरीनं जत्रेत चुलाणाभोवतीची राखेची रेघ ओलांडली, मटणाच्या खाऱ्या निवदाचं चुलाण बाटवलं, म्हणून साठ लिटर अळणी ओढ्यात ओतली आणि चाळीस बायका रिकाम्या किटल्या घेऊन माघारी गेल्या. शेजारच्या कुसुमताईंनी तर आईला तोंडावर विचारलं म्हणे, पोरीला काही वळण लावलंत का नाही. आणि आईनं मान खाली घातली. मला काय म्हणायचं ते गावानं खुशाल म्हणावं. आईची मान मला सहन होत नाही.

चैत्रात जत्रा पुन्हा येईल. ह्याही वर्षी चुलाण तुमच्याकडंच आहे, असं आपला रविराज म्हणाला. काय करायचं ठरवलंय?

तुमची
उत्कर्षा

चिंचवड, ५ जानेवारी २०२५

तात्या,

उत्तर आलं नाही. येईल असं वाटलंही नव्हतं, तरी पोस्टमनला दोनदा हटकलं. तो आता मला बघून सायकल हळू करतो आणि लांबूनच मान हलवतो.

खोली पुन्हा बदलली. आता गुरुजींच्या शेजारी आलेय. पडक्या जुन्या वाड्यात नाही, घाबरू नका, ते वाडे पडले कधीच. त्यांच्या सोसायटीच्या मागं पत्र्याची खोली आहे. संध्याकाळी डबे झाले की त्यांच्याकडं बसते. त्यांनी माझ्यासाठी मोठा कोश काढला, बहिर्गोल भिंग लावलं, आणि सांगितलं की लवण म्हणजे मीठ. अ-लवण, म्हणजे मिठाविना. बोलून बोलून पाट्यावरवंट्यासारखं झिजलं आणि अळणी उरलं. लोणचंसुद्धा त्याच लवणातलं. मी लगेच म्हटलं, मग लोणीपण? ते म्हणाले, नाही, लोणी नवनीतातून आलं, त्याचं घराणं वेगळं. लोणावळा? तो लेण्यांवरून पडला असं म्हणतात, तिथं मिठाचा संबंध नाही. मी दोन उड्या मारल्या, दोन्ही चुकल्या, पण गुरुजी चिडले नाहीत. उलट म्हणाले, एक तुला आवडेल असा देतो. लावण्य. तोही मिठावरूनच आलाय. आणि हिंदीतला सलोना, म्हणजे मिठासकटचा, तो आपल्या अळणीचा उलटा भाऊ.

म्हणजे बघा, देखण्या माणसाला आपण शेकडो वर्षं खारट म्हणत आलोय आणि कुणाला पत्ता नाही. त्या दिवशी घरी येऊन मी आरशात बराच वेळ बघितलं.

पण रश्श्याचं कोडं सुटलं नाही. गुरुजींच्या कोशात तो अर्थच नाही. कोश लिहिणारे आपल्या जत्रेला आलेले दिसत नाहीत. मग मीच एक सुचवलं. आपण पाहुण्याला म्हणतो, मीठभाकर खायला या, आणि ताटात असते पुरणाची पोळी. तसाच कुणी जुना आचारी असेल, चांगला मुरलेला. पहिली वाटी पुढं करताना म्हणाला असेल, अळणीच आहे, गोड मानून घ्या. पिणाऱ्यानं चाटून पुसून वाटी परत दिली आणि म्हणाला, अजून थोडं अळणी घाला. नाव तेच चिकटलं. गुरुजी म्हणाले, पुरावा काही नाही. पण त्यांनी ते वहीत लिहून घेतलं आणि खाली माझं नाव लिहिलं, गावासकट. अर्धा पेपर सोडून उठलेल्या पोरीचं नाव मास्तरांच्या वहीत आहे, तात्या. खोटं वाटत असेल तर येऊन बघा.

आता इकडंतिकडं पुरे. गेल्या पत्रात जे टाळलं ते लिहिते.

करोनातल्या तापातून तुम्ही उठलात, पण तुमचं नाक परत आलं नाही. जीभही गेली. आईला वाटतं तुम्ही जेवताना अबोल झालात. मला पहिल्यांदा कळलं ते नासलेल्या दुधाच्या चहावरून. मी थुंकले आणि तुम्ही कप रिकामा केलात. मग तुम्ही मला कामावर न्यायला लागलात. लोकांना म्हणायचात, पोरीला शिकवतोय. बारशी, वाढदिवस, नव्या गाडीची जेवणं. पळी माझ्या तोंडाशी आणायची आणि म्हणायचं, बघ, सांग. मी सांगायचे आणि तुम्ही मान हलवायचात, जणू माझी परीक्षा चाललीय. तिसऱ्या महिन्यात माझ्या ध्यानात आलं की परीक्षा नाही, तुम्ही खरंच विचारताय. मी कुणाला बोलले नाही. मला त्याचा फार अभिमान होता, तात्या. सोपान आचाऱ्याची जीभ माझ्या तोंडात आहे, आणि पंगतीत कुणालाही ठाऊक नाही.

पण जत्रेत रेघेच्या आत बाईमाणूस येत नाही. दोन जत्रा तुम्ही मुठीच्या अंदाजावर निभावल्या. गेल्या चैत्रात मीठ टाकायची वेळ झाली आणि जत्रा कमिटीच्या चिमाजीअण्णांनी तुम्हाला पाहुण्यांच्या सत्काराला ओढून नेलं. टोपी घातली, नारळ दिला, फोटो काढला. परत आलात तेव्हा मीठ टाकलं की टाकायचं राहिलं, हे तुमच्या ध्यानात नव्हतं, आणि जिभेला विचारायची सोय नव्हती. आत दहा पुरुष होते. एकालाही चाखायला सांगितलं असतं तर निभावलं असतं. पण मग त्यानं विचारलं असतं, तुम्हीच का नाही चाखत?

मी पिंकीवहिनीसाठी रांगेत पहिली होते. रविराजचं बाळ नऊ दिवसांचं होतं. किटली भरून घेतली, एक घोट घेतला, आणि नुसतं हळदीचं पाणी. मी रेघेबाहेरून तुम्हाला दोनदा हाक मारली. बँड चालू होता. म्हणून आत आले, पळी उचलली, पुन्हा चाखलं, आणि म्हटलं, तात्या, ह्यात मीठच नाही.

तुम्ही माझ्याकडं बघितलंत. ते बघणं मी विसरलेले नाही. आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "बाटलं. वता समदं."

गाव रेघेवर तुटून पडलं आणि मिठाचं कुणी विचारलंच नाही. मी बोलले नाही. आठवड्यानं टेम्पोत बसले. तुमचं नाव चाळीस वर्षांचं, माझं तेवीस वर्षांचं, माझं खराब झालं तर कमी नुकसान, असा मी हिशेब केला होता. तो हिशेब आता मला पटत नाही.

मला माफी नको. जत्रेआधी किंवा जत्रेत, एकदा गावासमोर सांगा की मीठ राहिलं होतं. नाकाचं सांगायचं की झाकायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

उत्कर्षा

चाकण, ९ फेब्रुवारी २०२५

तात्या,

पाकिटावर पत्ता पुन्हा नवा बघून हसला असाल. हसला असाल तर बरं. हे पत्र पोस्टानं नाही, रविराजच्या हातून येतंय.

गुरुजींचा एक जुना विद्यार्थी आहे, शेखर सर. चाकणला तीन कंपन्यांच्या कँटीनचं जेवण एका जागी शिजतं, तिथं ते सुपरवायझर आहेत. गुरुजींनी मला त्यांच्याकडं पाठवलं. मला वाटलं कांदे सोलायला ठेवतील. ठेवलंच, आठवडाभर, लातूरकडच्या कौशल्याबाईंच्या शेजारी. त्यांनाही मी अळणीचं विचारलं. त्या म्हणाल्या, मिरची नाही ते अळणीच की माय, मीठ तर समद्यातच असतंय, त्याचं कोण कौतुक करतंय. गुरुजींना फोन करून कळवलं. वहीत कौशल्याबाईंचंही नाव चढलं.

मग एक दिवस वरणाची तक्रार आली. एका कंपनीतून खारट, दुसरीकडून अळणी, आणि वरण एकाच पातेल्यातलं. इथं मीठ काट्यावर ग्रॅममध्ये मोजून पडतं, त्यामुळं सगळे काट्याकडं बोट दाखवत होते. मी पातेल्याच्या वरचं चाखलं, मग पळी तळाला घालून चाखलं. म्हटलं, मीठ पुरेसं आहे, पण डाळ घोटल्यावर टाकलंय आणि ढवळलेलं नाही, तळाला बसलंय. शेखर सरांनी दोन्ही पळ्या स्वतः चाखल्या. मला विचारलं, कुठं शिकलीस? मी म्हटलं, चुलाणावर. रेघेच्या बाहेर उभं राहून.

त्यांना काही समजलं नाही, पण दुसऱ्या दिवशी मला पांढरी टोपी मिळाली. आता तिन्ही कंपन्यांचं जेवण गाडीत चढण्याआधी मी चाखते. अठराशे माणसांचं वरण माझ्या मानेवर थांबतं, तात्या. मी मान हलवली की गाडी निघते. इथं मला मीठवाली म्हणतात. आधी चिडवायला म्हणायचे, आता गाडीला उशीर होतोय म्हणून हाका मारतात.

आणि आज, रविवार, दुपारी रविराज दारात. हातात स्टीलची किटली, वर फडकं बांधलेलं. म्हणाला, तात्यांनी दिलीय, तुला पोचव म्हणाले, बाकी काही बोलले नाहीत. मग आत येऊन बसला आणि म्हणाला, "भावाला डिलिव्हरी बॉय केलाय राव तुम्ही बापलेकीनं. पेट्रोल पण माझंच."

मी झाकण उघडलं. वास तोच. आलं पुढं, लसूण मागं, हळद आहे हे नुसतं रंगावरून कळावं. हा वास तुम्हाला स्वतःला येत नाही, तरी तुम्ही इतकं नेमकं करता. हात कसा विसरत नाही. मग घोट घेतला आणि डोळ्यांत पाणी आलं. रडू नाही. खारट. इतकं खारट की जीभ आत ओढली.

मला लगेच समजलं. एकदा राहिलं म्हणून आता दर वेळी हात जास्त जातोय. आणि हेही समजलं की किटली म्हणजे उत्तर नाही, प्रश्न आहे.

वीस किलोला घातलं असेल तर दोन मुठी जास्त आहेत. आज ज्यांच्याकडं काम होतं त्यांना भात जास्त वाढा म्हणावं. मी पूर्ण किटली प्यायले, वर तांब्याभर पाणी.

उत्कर्षा

१६ फेब्रुवारी

तात्या, आज एक मूठ जास्त. हळदही चिमूटभर कमी चालेल.

२३ फेब्रुवारी

आज कमी. माझी चिठ्ठी वाचून भ्यालात. एक मूठ वाढवा.

किटलीच्या झाकणात कागद मिळाला. "किती" एवढंच लिहिलंय. दहा महिन्यांत तुमच्याकडून आलेला हा पहिला शब्द. मी तो ठेवून दिलाय. पण असं अर्धं विचारू नका. मटण किती, पाणी किती, मुठी किती टाकल्या, हे लिहा, मग मी किती ते सांगते.

९ मार्च

वीस किलो, वीस लिटर, सहा मुठी, खडे मीठ. बरोबर आहे, तात्या. घोट घेतला आणि किटली खाली ठेवली. रविराज म्हणाला, काय झालं, बिघडलंय का? मी त्याला वाटी दिली. तो प्यायला आणि त्यानं पेट्रोलचं काढलं नाही.

हे लिहून भिंतीवर लावा. पण एक आहे. माझी चिठ्ठी पोचते तोवर पंगत उठलेली असते. आणि मूठ उन्हात वेगळी भरते, ओल्या हातानं वेगळी. तुम्हीच शिकवलंय.

चाकण, ३० मार्च २०२५, पाडवा

तात्या,

नवं वर्ष सुखाचं जावो. कँटीनमध्ये आज श्रीखंड होतं, मीठवालीला काम नव्हतं, म्हणून निवांत लिहिते.

जत्रेला दोन आठवडे राहिले. पहिला दिवस गोड्या निवदाचा, तिथं तुम्हाला भीती नाही. दुसरा दिवस खाऱ्याचा, रविवार, १३ एप्रिल. साठ किलोची दोन पातेली, म्हणजे भिंतीवरच्या कागदाच्या बाहेरचा हिशेब. किटली चाकणला पाठवून परत येईपर्यंत वाटण पडलेलं असेल. ह्या वेळी चुकलं तर दोष ढकलायला मी रांगेत नसेन, असं तुम्हाला वाटत असेल तर ऐका. मी असणार आहे.

मी सुट्टी टाकलीय. येऊन बायकांच्या रांगेत पहिली उभी राहीन. रेघ ओलांडणार नाही. ती देवाची आहे की आचाऱ्याची, ह्यावर गुरुजींशी माझा तासभर वाद झाला, तो पुन्हा कधी. तुम्हाला वाटलं तर पहिली वाटी मला द्या आणि सगळ्यांसमोर विचारा. नाही वाटलं तर किटली भरून द्या, मी चाखीन, आणि बरोबर असलं तर गप्प घरी जाईन. चुकलेलं असलं तर गप्प राहणार नाही. चाळीस बायका आहेत रांगेत, आणि त्यांच्या घरी त्या रश्श्याची वाट बघणारी माणसं.

हे धमकीसारखं वाटेल. तसं नाही. मी तुमच्या अळणीवर वाढलेय, ती चुकीची गेलेली मला बघवत नाही.

उत्कर्षा

चाकण, १६ एप्रिल २०२५

तात्या,

रविवारी आपण एकाच जागी होतो, पण तुम्ही रेघेच्या आत आणि मी बाहेर. आतलं तुम्हाला माहीत आहे. बाहेरचं सांगते.

मी सातलाच येऊन उभी राहिले. मागं कुसुमताई आल्या, मला बघून एक हात मागं सरकल्या आणि किटली पदराखाली घेतली, जणू माझ्या सावलीनं नासेल. त्यांच्या मागं कुणीतरी विचारलं, हीच का ती. आई दहाव्या नंबरवर होती. माझ्याशेजारी येऊन उभी राहत नव्हती. मला राग आला नाही. तिला काहीच माहीत नव्हतं.

तुम्ही मीठ टाकताना मी मुठी मोजत होते. पहिल्या पातेल्यात सोळा. तुमचा हात घामानं ओला होता, खडे बोटांना चिकटत होते, हे मला तिथून दिसत होतं. चिमाजीअण्णा पुन्हा सत्काराला बोलवायला आले आणि तुम्ही हातानंच नको म्हणालात, तेव्हा रांगेत कुजबुज झाली.

मग तुम्ही वाटी भरलीत. मला वाटलं आता किटल्यांना पळी लावाल. तुम्ही वाटी घेऊन चालत रेघेपर्यंत आलात. माझ्यासमोर. बँडवाले तेवढ्यात चहाला गेले होते, त्यामुळं तुमचा आवाज पार देवळाच्या पायरीपर्यंत गेला.

"बघ. मीठ हाय का?"

तात्या, मी रोज अठराशे माणसांचं चाखते, पण ती वाटी मी दोन्ही हातांनी धरली. एक घोट घेतला. दुसरा मुद्दाम घेतला, घाई नको म्हणून.

"दोन मुठी कमी आहे, तात्या."

तुम्ही मागं वळलात, दोन मुठी टाकल्यात, ढवळलंत, पुन्हा वाटी आणलीत. ह्या वेळी मी मान हलवली.

चिमाजीअण्णा म्हणाले ते सगळ्यांनी ऐकलं. "सोपानराव, आचारी तुमी का ती?"

आणि तुम्ही म्हणालात, "जीभ तिची हाय, अण्णा. माजी त्या तापात गेली. गेल्या साली मीठ म्याच इसारलो हुतो. पोरगी खरं बोलली आन् म्या तिच्यावर ढकाललं."

मी फक्त मिठाचं मागितलं होतं. नाकाचं तुमचं तुम्ही ठरवा म्हटलं होतं. तुम्ही दोन्ही दिलंत, तेही पळी हातात धरून, मान वर करून. मी तुमची अळणी प्यायलेय, तर्री प्यायलेय, पण तुमचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

आता तुम्हाला न दिसलेलं. तुम्ही पातेल्याकडं वळलात. मग कुसुमताईंनी किटली पदराखालून काढली आणि म्हणाल्या, तरीच, गेल्या साली ओढ्यात ओतलं ते कुत्र्यांनी हुंगून सोडलं हुतं, मी तवाच म्हनलं हुतं. त्यांनी तेव्हा काहीही म्हटलं नव्हतं, पण असू दे. बायका हसल्या. आईनं पदर कमरेला खोचला आणि दहाव्या नंबरवरून सरळ पुढं आली, कुणाला न विचारता. माझ्या हातातली वाटी घेतली, उरलेलं स्वतः प्यायली, आणि मागं वळून रांगेकडं बघितलं. कुणा एकीकडं नाही, सगळ्यांकडं. ती वर्षभर राखून ठेवलेली नजर होती. तुम्ही ती बघायला हवी होती.

रविराजनं काल सांगितलं की कमिटी बसली आणि पुढच्या वर्षाचं चुलाण दुसऱ्या आचाऱ्याला दिलं. देवाच्या कामाला नाक नसलेला माणूस चालत नाही, असं अण्णा म्हणाले. तुम्ही ऐकून घेतलंत, घरी येऊन भाकरी खाल्लीत आणि झोपलात, म्हणाला. मला फार वाईट वाटलं. चाळीस वर्षांची जत्रा माझ्या एका वाटीनं गेली. हे मी कमी करून लिहिणार नाही. पण ती वाटी पुन्हा समोर आली तर मी घेईन, आणि मला वाटतं तुम्हीही ती पुढं कराल.

तर कामाचं. कासारवाडीच्या मेसवाल्या काकूंच्या नातीचं बारसं आहे, २७ एप्रिल, रविवार. पंचवीस किलो. काकूंना रविवारची हकीकत माझ्याआधी कुणीतरी सांगितली होती, गावाबाहेर काय कसं पोचतं कुणास ठाऊक. त्यांनी विचारलं, तुझे वडील येतील का? मी विचारलं, त्यांचं नाक माहीत आहे ना? त्या म्हणाल्या, माहीत आहे, म्हणून तर दोघं या म्हणतेय. मी तुम्हाला न विचारता होकार दिलाय.

चूल, पातेली, हात, मुठी सगळं तुमचं. चाखणार मी. लोक विचारतील ही कोण. पोरीला शिकवतोय असं सांगायचं नाही, ही माझी एकच अट. काय सांगायचं ते मी लिहून देत नाही. तुम्हाला आता खरं बोलता येतं.

उत्कर्षा